इंजिनाच्या पाटीवर जाऊ नका
विकायला असलेल्या एका जुन्या कब कॅडेटबद्दल (हा बागकामाचा छोटा ट्रॅक्टर) कुणी म्हणतंय, की पाटीवर कोहलर (इंजिन बनवणारी कंपनी) ७ अश्वशक्ती लिहिलंय म्हणून हा पहिल्याच मॉडेलचा आणि दुर्मीळ. हे अनुमान पटलं नाही. ती पाटी इंजिनाची, ट्रॅक्टरची नव्हे. तेच के-१६१ इंजिन १९६१ च्या पहिल्या मॉडेलमध्ये, म्हणजे 'ओरिजिनल'मध्येही होतं आणि नंतरच्या '७०' या मॉडेलमध्येही. खाली वाकून बघा: इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे बेल्टने जात असेल तर ओरिजिनल, सरळ शाफ्ट असेल तर १९६३ पासूनचा ७०, १०० किंवा त्यानंतरचा एखादा. रंगावरून ओळखायचं तर नावच नको, इतक्या वर्षांत कुणीतरी ब्रश फिरवलेलाच असतो.

आणि दुर्मीळ? ओरिजिनल साठ हजारांहून जास्त बनले होते. जुना आहे, एवढंच. सोबत मूळ कटिंग डेक (ट्रॅक्टरखाली बसणारा गवत कापायचा भाग) मिळत असेल तर मात्र घासाघीस करत बसू नका.