हर्मिट क्रॅबच्या टाकीत ओल टिकत नाही, हिवाळ्यात काय करू?

थंडीत_गारठलेली (मिनेसोटा)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र वाटेल, पण इथे कुणी ना कुणी हा प्राणी, म्हणजे शंखात राहणारा खेकडा, पाळला असेल अशी आशा आहे.

जुलैत न्यू जर्सीला दिरांकडे गेलो होतो. तिथे समुद्रकाठच्या एका दुकानात 'पिंजरा घ्या, खेकडा फुकट' अशी पाटी होती. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने तिथेच बसकण मारली. विमानात मांडीवर डबा घेऊन दोन खेकडे मिनियापोलिसला आणले. नावं लाडू आणि चिवडा. उन्हाळाभर मजेत होते, रात्री खुडबुड चालायची.

आता डिसेंबर. फर्नेस दिवसरात्र सुरू आहे आणि घर इतकं कोरडं की दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. खेकड्यांना १० गॅलनच्या काचेच्या टाकीत हलवलंय. वर जाळीचं झाकण, खाली दोन इंच वाळू, टाकीच्या बुडाखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), एका वाटीत ओला स्पंज. आत दमटपणा मोजणारं गोल काट्याचं मीटर चिकटवलंय. दिवसातून चारदा पाणी फवारते. फवारलं की काटा ८० वर जातो, तासाभरात पुन्हा ५५. तापमान ६८ फॅरनहाइटच्या वर चढत नाही.

लाडू अर्धा शंखाबाहेर लोंबत बसतो, हात लावला तरी पटकन आत जात नाही. चिवडा बारा दिवस वाळूत अर्धवट गाडून घेऊन बसलाय. लेक म्हणते, उकरून बघू या जिवंत आहे का. नवरा म्हणतो, खोलीत ह्युमिडिफायर आणू. सासूबाई मालवणहून आल्यात, त्यांचं मत वेगळंच: "आमच्याकडे खेकड्याचं कालवण करतात, तुम्ही त्याला गादी तापवून देता!"

नक्की काय करू?

---

जर्सीकाका

ताई, सगळ्यात आधी, चिवड्याला उकरू नका. लेकीला समोर बसवून सांगा. तो कात टाकायला गेलाय. त्या काळात अंग लोण्यासारखं मऊ असतं, आपलंच जुनं कवच खाऊन तो नवं घट्ट करतो. लहान खेकड्याला महिना-दीड महिना लागतो, मोठ्याला त्याहून जास्त. मेला असेल तर कुजक्या मासळीचा वास घरभर सुटेल, विचारायची वेळ येणार नाही.

मी आठ वर्षं पाळतोय. पहिले तीन माझ्याच हातून गेले, तेही अगदी तुमच्यासारख्या मांडणीत, म्हणून जरा कडक बोलतो.

ते काट्याचं मीटर फारसं विश्वासाचं नसतं. घरीच तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, विरघळू देऊ नका. ते बूच आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा. नसेल तर फरक लिहून ठेवा, किंवा सरळ डिजिटल घ्या.

मॅट बुडाखालून काढा. खेकडा उकाड्यापासून पळायला वाळूत खाली जातो आणि तुम्ही खालूनच शेगडी लावलीय. मॅट मागच्या काचेला बाहेरून लावायची, वाळूच्या पातळीच्या वर. थर्मोस्टॅट हवाच, तो नसेल तर मॅटवर बाहेरून थर्मोकोल वगैरे झाकू नका. आतली हवा ७५ ते ८५ फॅरनहाइटमध्ये ठेवा, दमटपणा ८० च्या आसपास. याचे कल्ले हवेतून श्वास घेतात, पण ओले असले तरच. कोरड्या हवेत तो हळूहळू घुसमटतो. लाडूचं लोंबणं मला त्यातलंच वाटतं.

वाळू दोन इंच म्हणजे चेष्टा आहे. किमान सहा इंच, किंवा मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. पाच भाग वाळू, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). मुठीत दाबली तर रव्याच्या लाडवासारखी वळली पाहिजे, पण पाणी निथळता कामा नये. पण चिवडा आत असेपर्यंत जुन्या टाकीतल्या वाळूला हात लावू नका. लाडूसाठी दुसरी टाकी भरा.

पाण्याच्या वाट्या दोन: एक गोडी, एक खारी. दोन्हींतलं क्लोरीन औषध घालून काढलेलं हवं. खाऱ्यासाठी स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, समुद्री माशांच्या टाकीचं मिळतं ते घ्या, गॅलनला अर्धा कप. स्पंज फेकून द्या, त्यात घाण साठते.

---

वाफेचा_हिशेब

काकांनी सगळं सांगितलंय, फक्त फवारून काही होत नाही ते का, एवढंच लिहितो. शिकवतो भौतिकशास्त्र, त्यामुळे राहवत नाही.

तुमच्याकडे बाहेर उणे १५ सेल्सियस धरू. त्या थंडीत घनमीटरभर हवेत जेमतेम दीड ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात येऊन २० अंशांवर तापली की तिच्यात १७ ग्रॅम मावू शकतात, पण असतात ते दीडच. म्हणजे दमटपणा १० टक्केही नाही. आपल्या अंघोळी आणि कुकरच्या शिट्ट्या मिळून तो २० पर्यंत नेतात, म्हणजे साडेतीन ग्रॅम.

खेकड्याला २७ अंशांवर ८० टक्के हवेत, म्हणजे घनमीटरला २० ग्रॅमच्या वर. टाकीत खोलीच्या सहापट वाफ हवी आणि वर तुमची जाळी. ती निघून जाणारच. हीटर नुसता वाढवलात तर टक्का आणखी उतरेल, कारण तापलेल्या हवेची भूक वाढते.

आता गंमत बघा. १० गॅलन म्हणजे ३८ लिटर. एवढ्या हवेत ८० टक्के दमटपणाला वाफ लागते पाऊण ग्रॅम. पंधरा थेंब! तुम्ही दिवसभरात त्याच्या शंभरपट पाणी फवारत असाल. कमतरता पाण्याची नाही, बंद झाकणाची आहे. जाळीवर काच टाका किंवा स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म ताणून बसवा, बोटभर फट ठेवा. ओली वाळू बाकीचं बघून घेईल. खोलीच्या ह्युमिडिफायरने सहापटीचा खड्डा भरणार नाही, खिडक्यांवर बर्फ मात्र जमेल.

---

भाट्याचा_वारा (रत्नागिरी)

मला हे वाचून हसूही येतंय आणि वाईटही वाटतंय. आमच्याकडे ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत शंख चालताना दिसतात. भाच्याने मागच्या मे महिन्यात बादलीत सहा आणले, नळाचं पाणी घातलं, दोन दिवसांत सगळे गेले. आमच्याकडे तर हवा आधीच चिकट, मग का मेले?

---

जर्सीकाका

दादा, तुमचे खडकांतले बहुतेक समुद्राच्या पाण्यात राहणारे. त्यांना गोडं, क्लोरीनचं पाणी म्हणजे विषच. ताईंचे जमिनीवरचे आहेत, इथे बहुतेक कॅरिबियनकडून येतात. दोघांचे शंख दिसायला सारखे, संसार वेगळा. भाच्याला म्हणावं, डबक्याजवळ उकिडवं बसून बघ, तिथेच जास्त मजा आहे.

आणि दुकानातले हे जमिनीवरचेसुद्धा पिंजऱ्यात जन्मलेले नसतात हो. मादी अंडी समुद्रात सोडते, पिल्लं आधी पाण्यात वाढतात. म्हणजे फुकटचा खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचललेलाच. नीट ठेवला तर वीस-तीस वर्षंही जगू शकतो, लेकीच्या लग्नात असेल.

---

थंडीत_गारठलेली

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

मिठाची परीक्षा घेतली. काटा ९० वर! म्हणजे मीटर पंधराने जास्त दाखवत होतं. ५५ दिसत होतं तेव्हा खरे ४०. डिजिटल आणलं. लाडूसाठी २० गॅलनची टाकी जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाली. वाळू-कोकोपीट कालवायला सासूबाई स्वतः बसल्या, "पाणी बेतानं घाल, सारण पातळ होईल" म्हणत. वर काच. दुसऱ्याच दिवशी ८२. फवारणी बंद.

लाडूने चौथ्या रात्री शंख बदलला, मग तो स्वतःच वाळूत गेला. चिवड्याच्या जुन्या टाकीवर फक्त फिल्म ताणली आणि मॅट मागे लावली. अजून वर आलेला नाही. वासही नाही. लेक रोज नाक लावते.

एक अडचण: लाडूच्या टाकीत आता ९५ दिसतंय, काचेवरून ओघळ उतरतात आणि तळाशी कोपऱ्यात वाळू पाण्यात भिजलेली दिसते. लाडू खाली आहे, उकरू तर शकत नाही.

---

जर्सीकाका

काच दोन बोटं सरकवा, पण तिच्यावर वजन ठेवा, हे पट्ठे चढून बाहेर पडतात. दिवसातून एकदा ओघळ फडक्याने पुसून घ्या. वाट्या तळाशी गळत नाहीत ना तेही बघा, माझी एक गळत होती. मीटर ८० वर आलं की काच परत. कोपऱ्यातलं पाणी काढायचं असेल तर काचेला अगदी लागून एक स्ट्रॉ तळापर्यंत हळूच सरकवा आणि सिरिंजने ओढा. लाडू बसलाय त्या बाजूला नको. तो कुठे गेलाय ते आठवतंय ना?

---

थंडीत_गारठलेली

डाव्या बाजूला, शहाळ्याच्या कवटीखाली. लेकीने काचेवर बाहेरून स्केचपेनने बाण काढून ठेवलाय.