एकाच माणसाचे मंत्रिमंडळ आणि २०१९ चा महापूर: दिरंगाईचा दोष नेमका कोठे ठेवावा?

प्रश्न : वेदगंगाकाठ (निपाणी तालुका)

आमच्या वाचनालयातील पुढच्या चर्चेत २०१९ च्या महापुराच्या वेळी सरकारने केलेल्या दिरंगाईचा विषय मला मांडायचा आहे. केवळ राग व्यक्त करून खाली बसावे असे वाटत नाही, म्हणून येथे विचारतो.

येडियुरप्पा यांनी २६ जुलै २०१९ रोजी कर्नाटकच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्या पात्राबाहेर आल्या, यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी चढले, राज्यभर माणसे दगावली, आणि तरीही २० ऑगस्टपर्यंत मंत्रिमंडळात मुख्यमंत्र्यांखेरीज दुसरे कोणीही नव्हते. पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, त्याच आठवड्यात २६ तारखेला येडियुरप्पांनी राजीनामा दिला, २८ तारखेला बोम्मई मुख्यमंत्री झाले आणि ४ ऑगस्टपर्यंत तेही एकटेच होते. दोन पूर आणि दोन्ही वेळा रिकामे मंत्रिमंडळ, हा निव्वळ योगायोग मानावा काय? मंत्री असते तर आम्हांला मदत खरोखरच लवकर मिळाली असती काय?

उत्तर १ : निवृत्त कारकून, चिकोडी

महसूल खात्यात माझी हयात गेली, म्हणून आधी सरकारच्या बाजूचे सांगतो. पाण्यात अडकलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी मंत्री लागत नाही. बोटी मागवणे, लष्कराला आणि एनडीआरएफला (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला) पाचारण करणे, गंजी केंद्रे म्हणजे पूरग्रस्तांसाठी जेवणाची व निवाऱ्याची केंद्रे उघडणे, मृतांच्या वारसांना त्या वेळच्या नियमाप्रमाणे ४ लाख रुपये देणे ही कामे जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात असतात. त्या दिवसांत आमच्या खात्यातील माणसे रात्रंदिवस पाण्यात उभी होती. त्यामुळे 'सरकार झोपले होते' हे वाक्य चर्चेत वापरू नये, ते टिकणार नाही.

मंत्र्याची उणीव भासते ती अन्यत्र. आपल्याकडील पूर पावसाइतकाच वरच्या धरणांवर आणि खालच्या अलमट्टी धरणाच्या पाण्याच्या फुगवट्यावर ठरतो. महाराष्ट्र अलमट्टीतून विसर्ग वाढवण्याची मागणी करीत होता, वर कोयना भरत होती, आणि अशा वेळी जलसंपदा खात्याला स्वतंत्र मंत्री नसणे ही साधी गोष्ट नव्हे. कोयनेचे पाणी तासाभरात आपल्या दारात येत नाही, त्यामुळे निर्णयाला वेळ असतो, पण तो घेणारा हवा. मुख्यमंत्री एकटेच पूरग्रस्त जिल्ह्यांत फिरत होते. त्यांच्या वयाच्या माणसाने ते केले याचे मला कौतुकच आहे, परंतु एका माणसाने सगळीकडे धावणे याला राज्यकारभार म्हणत नाहीत.

उत्तर २ : मलप्रभेची लेक (खानापूर तालुका)

काका, आपले म्हणणे पटते, पण आमची दिरंगाई पाणी ओसरल्यावर सुरू झाली, आणि तिच्याबद्दल बोलताना कोणी दिसत नाही.

आमचे घर मातीच्या भिंतींचे होते. मातीची भिंत पाण्यात असताना कित्येकदा उभी राहते. पाणी उतरून ऊन पडले, भिंत वाळू लागली की मग ती फुटते. पाहणीला आलेल्यांनी आमच्याकडे भिंती उभ्या पाहिल्या आणि घर 'सी' वर्गात, म्हणजे थोड्या पडझडीच्या घरांत घातले. आठच दिवसांत मागची भिंत आणि तिच्यावरचे छप्पर कोसळले. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने ५ लाख रुपये जाहीर केले होते आणि 'सी' वर्गाला ५० हजार. म्हणजे पाहणी कोणत्या दिवशी झाली, यावर साडेचार लाखांचा फरक पडला. फेरपाहणीसाठी अर्ज केला तेव्हा नोंद एकदा संगणकावर चढली की खालच्या कार्यालयात बदलता येत नाही, असे उत्तर मिळाले. त्या कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण समोर बसलेल्या माणसाच्या हातात खरोखरच काही नव्हते.

दुसरी अडचण उताऱ्याची. आमच्या घरात तीन भावांच्या तीन चुली आहेत, पण घर क्रमांक एकच आणि उतारा अजून आजेसासऱ्यांच्या नावाचा. मदत घराला मिळते, चुलीला मिळत नाही. त्यात सर्व कागद कानडीत. माझ्या सासूबाईंनी कशावर अंगठा उमटवला हे त्यांना अजूनही ठाऊक नाही. मंत्रिमंडळ भरलेले असते तर हे बदलले असते काय, हे मला सांगता येणार नाही, परंतु फेरपाहणीचा आदेश वरूनच यावा लागत होता आणि तो कोणाकडे मागावा हेच आम्हांला कळत नव्हते.

उत्तर ३ : अथणीकर

ताईंच्या शेवटच्या वाक्यातच राजकीय टीकेचे मूळ आहे. 'कोणाकडे मागावे' हा प्रश्न आमच्याकडे तर शब्दशः खरा होता. जुलैअखेर विधानसभाध्यक्षांनी ज्या १७ बंडखोर आमदारांना अपात्र ठरवले, त्यांत गोकाक, अथणी आणि कागवाड येथील तिघे होते. हे तिन्ही मतदारसंघ पूरग्रस्त. पोटनिवडणूक झाली ५ डिसेंबरला. मंत्री नाही हे एक वेळ सोसले, पण पूर येऊन ओसरला, ऊस कुजला, घरांची यादी झाली, आणि एवढ्या काळात आम्हांला आमदारच नव्हता.

मात्र दोष एकाच पक्षाच्या पदरात टाकू नये. आधीच्या काँग्रेस-जेडीएस युती सरकारचाही जुलै महिना आमदार सांभाळण्यातच गेला. पूर्वतयारीच्या बैठका ज्या दिवसांत व्हायला हव्यात, ते दिवस रिसॉर्टच्या बातम्यांत संपले.

केंद्राचा हिशेबही मांडावा. अमित शहा यांनी ११ ऑगस्टला हवाई पाहणी केली आणि १,२०० कोटींची अंतरिम मदत मंजूर झाली ती ४ ऑक्टोबरला. राज्याने नुकसानीचा आकडा सुमारे ३५ हजार कोटींचा दिला होता. हा आकडा आणि केंद्राचे निकष यांत मोठे अंतर असते, हे मान्य आहे. त्या वेळच्या निकषात पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला ९५,१०० रुपये आणि बागायती पिकाला हेक्टरी १३,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. परंतु राज्यातील २८ पैकी २५ खासदार केंद्रातील सत्ताधारी पक्षाचे असताना अंतरिम रकमेलाही जवळजवळ दोन महिने लागावेत, याचे उत्तर निकषांत सापडत नाही.

वेदगंगाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचा आभारी आहे. माझी मांडणी आता बदलावी लागेल. बचावकार्यावर मी टीका करणार नाही. पूर ऐन भरात असताना सत्तेची जुळवाजुळव पुढे ढकलता आली असती आणि ती ढकलली गेली नाही, हा एक मुद्दा. आणि पाणी उतरल्यावर भिंती पडत राहतात हे ठाऊक असूनही पाहणी एकदाच करण्याची पद्धत तशीच राहिली, हा दुसरा. ताई, आपल्या घराच्या पहिल्या पंचनाम्याची प्रत आपल्याकडे आहे काय? नाव झाकून ती चर्चेत दाखवण्यास आपली हरकत नसेल तर कळवावे.

मलप्रभेची लेक

हरकत काहीच नाही. पण प्रत कोणी दिलीच नव्हती.