मदत हवी आहे: मुलाच्या रिपोर्टमध्ये कोळंबी पॉझिटिव्ह, पण तो तर दर रविवारी खातो

मेहताजी
मंडळी, पोस्ट लांब आहे. अर्धवट सांगितलं तर सल्लेही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहितोय.

सानपाड्यात राहतो, वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब बघतो. मुलगा दहा वर्षांचा. तीन वर्षांपासून सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, मग नाक गळणं, डोळे चोळून चोळून लाल. पावसाळ्यात जास्त. तळहाताने नाक वर ढकलत पुसायची त्याला सवय लागलीय, त्याने नाकावर एक आडवी रेघच उमटलीय. डॉक्टरांनी लेव्होसेट्रिझिन आणि नाकात मारायचा स्प्रे दिलाय. गोळी नियमित चालू आहे. स्प्रेबद्दल खोटं बोलत नाही, आठवड्यातून दोनदा आठवतो.

मागच्या वर्षी टोटल आयजीई, म्हणजे रक्तातल्या ॲलर्जीच्या अँटीबॉडीचा एकूण आकडा, 640 होता, यंदा 910. ते बघून घाबरलो आणि डॉक्टरांना न विचारता एका लॅबचं 'ॲलर्जी पॅनल' केलं. सात पानी रिपोर्ट आला. धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) 38, झुरळ 2.1, कोळंबी 1.4. बाकी शेंगदाणा, दूध, गहू वगैरे निगेटिव्ह. लॅबकडून एका बाईंचा फोन आला: कोळंबी, खेकडा, कवचाचं सगळं आजपासून बंद.

आता घरची परिस्थिती ऐका. सासूबाई बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या. त्यांनी चष्मा लावून सातही पानं उलटली आणि म्हणाल्या, "दोन वर्षांचा होता तेव्हापासून मी याला सोलून भरवतेय. काय झालं आजवर?" खरंच काही झालेलं नाही. ना पुरळ, ना उलटी, ना ओठ सुजले. कोळंबीचं कालवण, सोडे घातलेली वांगी, दोन्हीवर ताव मारतो. बायको म्हणते, कागदावर आलंय तर विषाची परीक्षा कशाला? शिवाय माझ्यावर वेगळाच आरोप आहे, की मी मार्केटमधून मिरचीची धूळ अंगावर घेऊन येतो आणि हे सगळं त्यानेच सुरू झालं.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. रोज गोळी चालू असताना आयजीई वाढलं कसं? जे खाऊन काहीच होत नाही ते पॉझिटिव्ह कसं? आणि मुळात हे आयजीई बनव म्हणून शरीरात ऑर्डर सोडतं कोण?

उगाचएक
प्रतिकारशक्ती कमी पडतेय मुलाची. च्यवनप्राश सुरू करा, सहा महिन्यांत फरक पडेल.

काळीमिरी
उगाचएक, कमी नाही हो, नको तिथे जास्त आहे. माझ्या भावाला हेच ऐकवत घरच्यांनी चार वर्षं घालवली.

निवांत_ऐरोली
जंताचं बघितलंत का? टोटल आयजीई जंतांनीही चढतं. शाळेत फेब्रुवारीत जंतनाशक गोळी देतात, ती त्याने खाल्ली की दप्तरात ठेवली, एवढं विचारा. आमच्या चिरंजीवांच्या कंपासपेटीत दोन वर्षांच्या सापडल्या.

पेट्रीडिश
मी डॉक्टर नाही. इम्युनॉलॉजीत पीएचडी केली, सहा वर्षं उंदरांच्या बी पेशी, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, मोजण्यात गेली, आता पोटापाण्याला दुसरंच काम करते. औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. 'ऑर्डर कोण सोडतं' तेवढं मी सांगते.

आधी गोळीचं. नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी असतात आणि त्यांच्या अंगावर आयजीई आधीपासूनच खोचलेलं असतं. माइटचा कण आला आणि शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटला, की ती पेशी काही मिनिटांत साठवलेलं हिस्टामीन बाहेर ओकते. लेव्होसेट्रिझिन हिस्टामीनची बसायची जागा अडवते, म्हणून शिंका कमी होतात. पण आयजीई बनतं ते फार आधी आणि भलतीकडेच. त्या पेशींना तुमच्या गोळीचा पत्ताही नसतो. म्हणजे आकडा वाढला म्हणून गोळी फुकट गेली असं नाही, आणि आकडा उतरवायला गोळ्या वाढवूनही काही होणार नाही.

आता ऑर्डर. माइट गादीत राहतो, आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीवर जगतो. पाणी पीत नाही, हवेतली आर्द्रता शोषून घेतो, त्यामुळे खाडीकाठची आपली घरं म्हणजे त्याची चंगळ. त्याच्या विष्ठेत डर पी 1 नावाचं एक एन्झाइम असतं, त्याचा धंदाच प्रथिनं कापण्याचा. नाकाच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना ज्या टाक्यांनी जोडलेल्या असतात, ते टाकेच ते उसवतं. दुखावलेल्या पेशी मग गजर करतात. त्या निरोपांना टीएसएलपी, इंटरल्युकिन 25, इंटरल्युकिन 33 अशी रुक्ष नावं आहेत, ती विसरलात तरी चालेल. गजर चालू असताना पहाऱ्यावरच्या डेंड्रायटिक पेशी माइटचा तुकडा उचलतात, जवळच्या लसीका गाठीत नेतात आणि हुकूम सोडणाऱ्या टी पेशींना दाखवतात. गजराशिवाय दाखवला असता तर टी पेशींनी बहुतेक त्याच्याकडे काणाडोळा केला असता. गजरामुळे त्या एका ठरावीक वळणावर जातात आणि इंटरल्युकिन 4 सोडू लागतात. सगळं पाणी इथे मुरतं.

तुम्ही हिशेबातले आहात म्हणून तुमच्या भाषेत: बी पेशीला आयजीई बनवायचं तर चेकवर दोन सह्या लागतात. पहिली इंटरल्युकिन 4 ची, किंवा त्याच्या भावाची, म्हणजे 13 ची. तिने पेशीच्या आत स्टॅट 6 नावाचं प्रथिन जागं होतं आणि केंद्रकात जाऊन आयजीईचं जनुक उघडतं. दुसरी सही टी पेशीने अंगाला अंग लावून करायची. तिच्यावरचा सीडी 40 लायगँड बी पेशीवरच्या सीडी 40 मध्ये जाऊन बसतो. दोन्ही सह्या झाल्या की एआयडी नावाचं एन्झाइम डीएनएवर खुणा करतं, त्या जागी कापाकापी होते, मधला भाग गळतो आणि उरलेली टोकं जोडली जातात. माइट ओळखणारं अँटीबॉडीचं टोक तेच राहतं, शेपूट तेवढं बदलून आयजीईचं होतं. कापून गेलेला भाग परत येत नाही, म्हणून ती पेशी मागे फिरत नाही.

पुढे हे स्वतःलाच खतपाणी घालतं. मास्ट पेशीसुद्धा इंटरल्युकिन 4 आणि 13 सोडतात. आयजीई वाढलं की ते धरून ठेवणारे ग्राहीही त्या स्वतःवर वाढवतात. रक्तातलं आयजीई दोनेक दिवसांत निम्मं होतं, पण मास्ट पेशीवर बसलेलं आठवडेच्या आठवडे टिकतं. गादी तीच, उशी तीच, तर 640 चे 910 होण्यात मला नवल वाटत नाही. पण टोटल आयजीई हा ढोबळ आकडा. निवांत_ऐरोली म्हणतात तसा जंतांनी वाढतो, एक्झिमाने वाढतो. दरवर्षी तो करून घाबरण्यात अर्थ नाही.

मेहताजी
वा! दोनदा वाचलं, सह्यांचं डोक्यात बसलं. पण कोळंबी?

पेट्रीडिश
जेवायला उठले होते. कोळंबी, झुरळ आणि माइट हे तिघंही संधिपाद, लांबचे भाऊबंद. तिघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं आणि ते बरंचसं एकसारखं असतं. माइटवर किंवा झुरळावर बनलेली अँटीबॉडी कधीकधी कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनलाही चिकटते. लॅबने तेवढंच मोजलंय, की नळीत चिकटलं. नळीत चिकटणं म्हणजे सेन्सिटायझेशन. खाल्ल्यावर त्रास होणं म्हणजे ॲलर्जी. दुसरी ओळखायला रिपोर्टच्या आधी माणसाला विचारावं लागतं, खाल्ल्यावर काय होतं म्हणून. सासूबाईंनी नेमकं तेच विचारलं. जे खाऊन वर्षानुवर्षं काही होत नाही ते नुसत्या रक्ताच्या आकड्यावरून बंद करू नये, असंच या विषयातले डॉक्टर सांगतात. म्हणूनच लक्षण नसताना सरसकट पॅनल करू नये म्हणतात.

मात्र एक लक्षात ठेवा. कोळंबीची खरी ॲलर्जी असलेली माणसंही पुष्कळ असतात, आणि ट्रोपोमायोसिन शिजवून नाहीसं होत नाही. खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी, घसा आवळल्यासारखा होणं, श्वास लागणं, यातलं काहीही कधी झालं तर इथे विचारत बसू नका, तडक हॉस्पिटल.

मिरचीच्या आरोपातून तुमची सुटका करते. मिरचीतलं कॅप्साइसिन थेट नसेलाच चिमटा काढतं, त्याला अँटीबॉडी लागत नाही. म्हणून तुमच्या मार्केटमध्ये पाहुणा, हमाल, व्यापारी सगळेच शिंकतात. मसाल्याच्या धुळीची खरी ॲलर्जी कामगारांना होऊ शकते, पण मुलाची शिंक पहाटे गादीवर सुरू होते, तुम्ही घरी येता तेव्हा नाही. तरी कपडे बदलून मगच त्याला जवळ घ्या, नाकाची जळजळ आधीच आहे.

सुकटबोंबील
माशावरून आठवलं, आयजीईचा शोधच माशामुळे लागला ना?

पेट्रीडिश
बरोबर. 1921 मधली गोष्ट. कुस्टनर या जर्मन डॉक्टरला माशाची ॲलर्जी होती. त्याच्या रक्तातला द्रव त्याचा सहकारी प्राउसनिट्झने स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि गांध उठली! म्हणजे ॲलर्जी रक्तातून दुसऱ्याकडे नेता येते. ते 'काहीतरी' म्हणजे आयजीई, हे कळायला 1966 उजाडलं. अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी ते वेगळं काढलं. तेव्हा स्वीडनमध्येही योहानसन आणि बेनिक त्याच्याच मागावर होते. 1968 मध्ये नाव ठरलं.

काळीमिरी
आणि कबुतरं? आमच्या खिडकीत कायम बसलेली असतात.

पेट्रीडिश
कबुतरांच्या विष्ठेने फुफ्फुसाला होणारा तो आजार आयजीईचा नाही, त्याची यंत्रणा वेगळी. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

मेहताजी
मग वरची ऑर्डरच थांबवायचं काही आहे का? की जन्मभर गोळ्या?

पेट्रीडिश
आहे, आणि त्यातलं एक तुमच्या घरात पडून आहे. तो आठवड्यातून दोनदा आठवणारा स्प्रे! नाकातलं स्टेरॉइड टी पेशींचे हे निरोपच दाबतं, म्हणजे गोळीपेक्षा बरंच आधी पकडतं. पण ते रोज मारावं लागतं आणि परिणाम दिसायला काही दिवस जातात. शिंक आल्यावर एकदा फुसफुस करून काही होत नाही. नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने.

इंजेक्शनंही आहेत. ओमालिझुमॅब आयजीईलाच पकडतं, अमेरिकेत 2003 मध्ये आलं. डुपिलुमॅब इंटरल्युकिन 4 आणि 13 या दोघांचा सामाईक ग्राही अडवतं, म्हणजे पहिली सहीच होऊ देत नाही, 2017 मध्ये आलं. दोन्ही महागडी, मुख्यतः जबर दमा किंवा एक्झिमा असलेल्यांसाठी. सकाळच्या शिंकांसाठी कुणी देणार नाही.

माइटचाच अर्क थोडा थोडा देऊन सवय लावणं हा जुना मार्ग, 1911 मध्ये लंडनमध्ये नूनने गवताच्या परागांवर केला होता. तीनेक वर्षं लागतात. सुरुवातीला आयजीई वाढतंसुद्धा, घाबरायचं नाही. मग शांत करणाऱ्या टी पेशी आणि आयजीजी 4 नावाची वेगळ्या प्रकारची अँटीबॉडी वाढते, ती आयजीजी 4 माइटला आयजीईपर्यंत पोचण्याआधीच पकडते. कुणाला द्यायचं हे डॉक्टर ठरवतात.

जन्मभराचं विचारलंत. ॲलर्जी इतकी चिवट का, याचा एक धागा 2024 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी पकडला. आठवण आयजीई पेशींत फारशी नसतेच. ती आयजीजी बनवणाऱ्या एका प्रकारच्या स्मृती पेशींत दबा धरून बसते, आणि पुन्हा गाठ पडली की त्या आयजीईकडे वळतात. मी उंदरांत नको त्या पेशी मोजत होते, हे तेव्हा कळलं.

बाकी गादी. कडक उन्हात माइट मरतात, पण विष्ठा तिथेच राहते. चादरी, उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, साठ अंशांच्या आसपास धुवा.

मेहताजी
बारा दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांकडे जाऊन आलो. पॅनल बघून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. प्रिक टेस्टसाठी आठवडाभर आधी गोळी बंद ठेवायला लावली. रक्ताच्या तपासणीला तसं लागत नाही म्हणाले, गोळी घेऊन केली तरी आकडा तोच.

हातावर पेनाने खुणा करून एकेक थेंब ठेवला आणि थेंबातून सुई टेकवली. एक थेंब नुसत्या सलाइनचा, एक चक्क हिस्टामीनचा, तुलनेसाठी. पंधरा मिनिटं खाजवायचं नाही. पोरगं दात-ओठ खाऊन भिंतीवरचं घड्याळ बघत बसलं होतं. माइटच्या जागी हिस्टामीनपेक्षा मोठी गांध. कोळंबीच्या जागी किंचित लाली, सलाइनच्या जवळपास. डॉक्टरांनी आधी पाच मिनिटं फक्त खाण्याबद्दल विचारलं, मग म्हणाले, खातोय तसा खाऊ दे.

जंताची गोळी दप्तरातच होती, निवांत_ऐरोली, तुम्ही जिंकलात. ती डॉक्टरांना विचारून दिली. स्प्रे आता ब्रशच्या शेजारी ठेवलाय, नऊ दिवस सलग झाले. शिंका आहेत, पण आज सकाळी मोजल्या, चार.

सासूबाईंना सांगितलं, तुमचं बरोबर होतं. त्या काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी दिवाळ्याहून पिशवी घेऊन आल्या.

आता शेवटची मदत: गादीला सगळ्या बाजूंनी चेन असलेलं माइटरोधक कव्हर हवंय, सहा बाय चार, गादी पाच इंची, कापसाची. वाशी किंवा ठाण्यात कुणी प्रत्यक्ष दुकानातून घेतलंय का? ऑनलाइन मागवलेलं रेनकोटसारखं निघालं, पोरगं रात्री घामाने भिजतंय.

काळीमिरी
तुर्भ्याला माझ्या ओळखीचे एक गादीवाले आहेत, मापाने शिवून देतात. पण कापड घट्ट विणीचं तुम्हाला आणून द्यावं लागेल. व्यनि (वैयक्तिक निरोप) करते.