प्रतिसाद: अपील अडकलंय की चुकीच्या दारात पडलंय?

दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने मुलीला ३८ टक्के दिव्यांगत्व दिलं, ४० च्या खाली म्हणून अर्थसाहाय्य नाकारलं आणि अपिलाला चार महिने उत्तर नाही, असं प्रश्न विचारणाऱ्याने लिहिलंय. आधी बघा, अपील दिलंय कुणाकडे? टक्केवारीचा वाद दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या कलम ५९खाली नेमलेल्या अपिली प्राधिकाऱ्याकडेच जातो. तहसीलला टक्के बदलता येत नाहीत, तिथे दिलेला अर्ज फायलीत धूळ खातो. आणि अपिलाची मुदत बोर्डाच्या निर्णयापासून फक्त ९० दिवस!

अर्जात नुसतं 'अन्याय झाला' नको. कुठला रिपोर्ट बोर्डाने पाहिलाच नाही, ते तारखेनिशी लिहा, नकारपत्राची प्रत जोडा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का हवाच. खिडकीवर 'उद्या या' म्हणाले तर सरळ पोचपावतीसह स्पीड पोस्ट.

नियमाने निकाल ६० दिवसांत. उलटले की १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकार टाका. 'उशीर का?' विचारू नका, त्याला टोलवाटोलवीचंच उत्तर येतं. फाइल कोणत्या तारखेपासून कुणाच्या टेबलावर आहे ते आणि फाइलवरच्या टिपणीची प्रत मागा. तरीही हललं नाही तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार, हीच सगळी कागदं जोडून.