मैफलीत मोबाइल रेकॉर्डिंग अडवणारं यंत्र खरंच असतं का? मदत हवी आहे (कोल्हापूर)

शाहूपुरीकर

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे, कारण समोरचा ॲडव्हान्स मागायला लागलाय.

आम्ही चार-पाच घरची माणसं मिळून वर्षातून एकदा शास्त्रीय गाण्याची मैफल करतो. नोकरीधंदा सांभाळून केलेला उद्योग, संस्था वगैरे काही नाही. यंदा दसरा चौकात शाहू स्मारकचा हॉल धरलाय. (८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यावर हॉलच्या तारखांसाठी किती फिरावं लागलं, ते गावातल्यांना वेगळं सांगायला नको.) अडीचशेच्या आसपास श्रोते धरलेत.

गायिका बाहेरगावच्या आहेत. स्वतः बांधलेल्या काही बंदिशी त्या पहिल्यांदाच मांडणार आहेत, अल्बम नंतर यायचाय. म्हणून त्यांची एकच अट, श्रोत्यांकडून रेकॉर्डिंग होता कामा नये. अट रास्तच आहे. पण मागच्या वर्षी निवेदकाने हात जोडून सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या, आणि बडा ख्याल संपायच्या आत तिसऱ्या रांगेतल्या काकांचा फोन उभा! मागच्यांना गायक दिसेना, गायकाला समोरचे चेहरे दिसेनात. दुसऱ्या दिवशी अख्खा मारवा कुणाच्या तरी फेसबुकवर, तोही शेजारच्याच्या खोकल्यासकट.

आता एका इव्हेंटवाल्याने यंत्र सुचवलंय. स्टेजच्या दोन्ही बाजूंना डबे लावायचे, त्यातून न दिसणारे किरण सुटतात आणि हॉलमधल्या सगळ्या फोनचे कॅमेरे आपोआप बंद पडतात, असं त्याचं म्हणणं. 'परदेशात सर्रास वापरतात, ॲपलचं पेटंट आहे' म्हणून एका इंग्रजी बातमीची लिंकही पाठवली. डेमो मागितला तर 'सेटिंग कार्यक्रमाच्या दिवशीच होतं' म्हणतो. भाडं एवढं की त्यात तबलजींचं मानधन निघेल.

तर असं काही असतं का? नसेल तर जॅमर चालेल का? की फोन दारातच जमा करून घ्यावेत? आणि एवढं करूनही कुणी रेकॉर्ड केलंच, तर कायद्याने हातात काय आहे?

बिंदू चौक

डेमो न देणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतीलच.

सर्किटबोर्ड

पेटंट खरं आहे, पण तुम्हाला दाखवलेलं यंत्र म्हणजे ते पेटंट नव्हे.

ॲपलला ते जून २०१६ मध्ये मिळालं, अर्ज त्याच्या बऱ्याच आधीचा. स्टेजजवळून इन्फ्रारेड प्रकाशात एक सांकेतिक संदेश सोडायचा, फोनच्या कॅमेऱ्याने तो वाचायचा आणि फोनने आपलं आपण रेकॉर्डिंग बंद करायचं, अशी कल्पना. संग्रहालयात एखाद्या वस्तूसमोर फोन धरला की तिची माहिती स्क्रीनवर यावी, असाही वापर त्याच पेटंटमध्ये दाखवलाय. मेख अशी की तो संदेश पाळायची सोय फोनच्या आतच असावी लागते. तशी सोय असलेला आयफोन बाजारात आलेला नाही. आणि तुमच्या हॉलमध्ये विवो, शाओमी, सॅमसंगवाले असणारच की. त्या फोनांनी ॲपलचं का ऐकावं?

आता दुसरी शक्यता, प्रकाशाचा मारा करून कॅमेरा आंधळा करायचा. यावर प्रयोग झालेत. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये कॅमेऱ्याच्या सेन्सरवरून उलट परतणारा प्रकाश पकडून कॅमेरा कुठे आहे ते शोधायचं आणि नेमका त्याच्यावर झोत टाकायचा, असं यंत्र करून दाखवलं होतं. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी चित्रपटाच्या पडद्यामागून इन्फ्रारेड सोडून चोरटं चित्रण खराब करायचा प्रयोग केला. पण फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा इन्फ्रारेड गाळणारी काच असते. घरी करून बघा: अंधार करा, टीव्हीचा रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. मग तेच मागच्या कॅमेऱ्यासमोर करा. बऱ्याच फोनवर काहीच दिसत नाही, नाहीतर अगदी फिकट दिसतं. रेकॉर्डिंग होतं ते मागच्या कॅमेऱ्याने. मग डबे कुणाला आंधळं करणार?

अजून एक आहे. फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे एलईडी दिवे डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकवले तर फोटोत पट्टे उमटतात. यावर २०१७ मध्ये संशोधन झालंय. पण त्यासाठी सगळी प्रकाशयोजना त्याच दिव्यांची हवी. एक साधा हॅलोजन चालू राहिला की प्रभाव उतरला.

गोकुळ शिरगाव

एवढं कशाला ओ, जॅमर लावा की सरळ. आणि आता कायदा कडक झालाय, लपून शूटिंग केलं की तीन वर्षं आत.

सर्किटबोर्ड

भावा, जॅमर नेटवर्क अडवतो, कॅमेरा नाही. फ्लाइट मोडवर टाकलेला फोन अख्खी भैरवी टिपतो. फार तर फेसबुक लाइव्ह बंद पडेल. त्यात खासगी माणसाला किंवा संस्थेला जॅमर घेता येत नाही आणि वापरताही येत नाही, केंद्राच्या दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये हे पुन्हा जाहीर केलंय. आणि शाहू स्मारकपासून सीपीआर रुग्णालय हाकेच्या अंतरावर. जॅमरला भिंत कळत नाही. बाहेर कुणाचा ॲम्ब्युलन्सचा फोन लागला नाही तर?

तीन वर्षांचं वकील मंडळींनी बघावं.

तिसरी घंटा

मी साऊंडचं काम करतो. सगळे कॅमेऱ्याच्या मागं लागलाय, पण शाहूपुरीकर, तुमच्या बाईंना काळजी आहे ती बंदिशीची. बंदिश चोरायला कॅमेरा लागतो कुठं? फोन खिशात उलटा ठेवायचा, रेकॉर्डर चालू. घरी जाऊन दोन दिवसात बंदिश गळ्यात. तुमचे ते डबे चालले असते तरी बंदिश गेलीच असती.

आवाज बिघडवायचंही यंत्र असतं, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तो इव्हेंटवाला उद्या ते घेऊन येईल. माणसाच्या कानाला वीस हजार हर्ट्‌झच्या वरचं ऐकू येत नाही. तसला आवाज फोनवर सोडला की माईकच्या आत त्याची खरखर तयार होते आणि रेकॉर्डिंगमध्ये तीच ऐकू येते. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठातल्या लोकांनी त्याचं हातात घालायचं कडंच केलं होतं. पण ते काम करतं जवळच्या अंतरावर, खोलीत, टेबलावर. हॉलभर करायचं म्हटलं तर माझ्या स्टेजवरच्या माईकचं काय करणार? आणि पहिल्या दोन रांगांत कानात यंत्र घातलेली मंडळी असतात, त्या यंत्रातबी माईकच असतो की. त्यांनी तिकीट काढून खरखर ऐकायची होय?

मास्तरीण

फोन जमा करण्याबद्दल लिहिते, कारण परीक्षा केंद्रावर हे काम अंगावर पडलेलं आहे.

घेताना त्रास नाही, लोक थोडे थोडे येतात. मरण देताना. मैफल संपली की अडीचशे माणसं एकदम टेबलावर. एका फोनला दहा सेकंद धरा, एका टेबलावर चाळीस मिनिटं होतात. चार टेबलं लावली तर दहा-अकरा. आणि दहा सेकंद ही सुखाची गोष्ट झाली. 'माझा काळा आहे, पारदर्शक कव्हरचा' असं प्रत्येकजण सांगतो, आणि समोर शंभर काळे फोन पारदर्शक कव्हरात. टोकनचा एक नंबर फोनवर चिकटवायचा आणि दुसरा हातात द्यायचा, तोंडी ओळखीवर फोन द्यायचाच नाही. कुणाची स्क्रीन फुटली की ती तुमच्याकडे 'आधी फुटली नव्हती'. शिवाय तिकीटही फोनवरच असेल, म्हणजे आधी तिकीट तपासायचं आणि मग फोन घ्यायचा. टेबलं उलट्या क्रमाने लागली की दारातच गोंधळ.

परदेशात यावर कुलूपबंद पिशवी निघालीय. योंडर नावाची अमेरिकन कंपनी २०१४ पासून हा धंदा करते. फोन पिशवीत घालून चुंबकी कुलूप लावतात, पिशवी तुमच्याच हातात राहते, बाहेर पडताना एका तबकडीवर टेकवली की उघडते. डेव्ह शपेल, ॲलिशिया कीज यांच्या कार्यक्रमांत वापरलंय. कल्पना मला पटते, फोन हरवायची भीती नाही. पण एका संध्याकाळसाठी अडीचशे पिशव्या मागवणं तुमच्या खिशाला झेपेल असं वाटत नाही.

स्वस्तातला उपाय बर्लिनच्या क्लबमध्ये करतात. दारात फोनच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर गोल स्टिकर. कुणी काढला की शेजाऱ्याला दिसतो, आणि लाज हा मोठा पहारेकरी. आवाज थांबणार नाही, हे तिसरी घंटा यांचं बरोबर. पण तुमच्या तिसऱ्या रांगेतल्या काकांचा बंदोबस्त नक्की होईल.

काळा कोट

गोकुळ शिरगाव, तुम्ही म्हणता तो २०२३ चा सिनेमॅटोग्राफ कायद्यातला बदल. किमान तीन महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि किमान ३ लाख दंड, हे सगळं चित्रपटगृहात चालू असलेला सिनेमा चोरून टिपण्याबद्दल आहे. गाण्याच्या मैफलीला लागू नाही. पाटीवर तसं छापू नका, हसं होईल.

मैफलीला लागतो १९५७ चा कॉपीराइट कायदा. कलम ३८ आणि २०१२ मध्ये आलेलं ३८-अ यांनी कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क दिलाय, तो ५० वर्षं टिकतो. रेकॉर्ड करणं, प्रती काढणं, लोकांपर्यंत पोहोचवणं, सगळं त्यात येतं. पण पुढचं कलम ३९ वाचा. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग त्या हक्काचा भंग ठरत नाही. काका घरी बसून ऐकत असतील तर सादरीकरणाच्या हक्काखाली त्यांना धरता येत नाही. फेसबुकवर टाकलं की धरता येतं.

म्हणून दोन कामं करा. तिकिटावर आणि दारात स्पष्ट लिहा: प्रवेश रेकॉर्डिंग न करण्याच्या अटीवर. मग अट मोडणाऱ्याला बाहेर जायला सांगता येतं. फोन हिसकावून घ्यायचा नाही आणि आपल्या हाताने डिलीट तर मुळीच करायचं नाही, नाहीतर उलट तक्रार तुमच्यावर.

दुसरं काम बाईंचं. बंदिशींवर त्यांचा रचनाकार म्हणून वेगळा हक्क आहे, नोंदणीची सक्ती नाही, पण पुरावा हवा. मैफलीच्या आधी बंदिशी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून, नोटेशनसह, स्वतःलाच ईमेल करून ठेवायच्या. कुणी नेटवर टाकलं तर त्या संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करायची. २०१३ च्या नियमांत ३६ तासांच्या आत मजकूर अडवायची तरतूद आहे. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो, म्हणून तारीख लिहून ठेवा. यूट्यूबचा तक्रारीचा फॉर्म मराठी माणसालाही भरता येतो, वकील लागत नाही. (हे मी लिहितोय, विशेष आहे.)

जुना श्रोता

एक वेगळी बाजू. अल्लादियाखाँसाहेब आपल्या या गावात दरबारगायक होते, जयपूर घराणं इथे रुजलं, आणि त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. १९४६ मध्ये ते गेले, तेव्हा तबकड्या निघत होत्या. आम्ही पोरसवदा असताना देवल क्लबात म्हातारे श्रोते 'तुम्ही काय ऐकणार' म्हणायचे, आणि पुढे वाद घालायला काही पुरावाच नसायचा. तेव्हा अडवा, पण तुमच्याकडचं एक रेकॉर्डिंग मात्र नीट करून ठेवा. मिक्सरवरून. आणि ते बाईंच्या हवाली करा.

तिसरी घंटा

काका, ते मी करतोच. मिक्सरवरून एक ट्रॅक आणि हॉलचा एक माईक वेगळा, नाहीतर दाद ऐकू येत नाही. आणि शाहूपुरीकर, अजून एक करा. मध्यंतरानंतर बाईंना सांगून जुनी, सगळ्यांना माहीत असलेली एक बंदिश ठेवा आणि जाहीर करा की एवढी पाच मिनिटं फोन काढा, व्हिडिओ करा, स्टेटसला टाका. एकदा भूक भागली की माणूस गप्प बसतो. मी हे चाललेलं बघितलंय. नव्या बंदिशी मात्र सगळ्या मध्यंतराच्या आधी.

मास्तरीण

हे झकास. पण त्यासाठी स्टिकर काढावा लागेल आणि काढलेला परत कोण लावणार? म्हणून ती बंदिश मध्यंतरानंतर नको, अगदी शेवटी ठेवा.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे आभार. रिमोटचा प्रयोग घरातल्या सगळ्या फोनवर केला, सर्किटबोर्ड म्हणतात तस्संच झालं. पुढे जांभळा ठिपका, मागे अंधार. तोच व्हिडिओ इव्हेंटवाल्याला पाठवला, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. ॲडव्हान्स देत नाही.

ठरलंय ते असं. जॅमर नाही, फोन जमा नाही. दारात स्टिकर. तिकिटावर काळा कोट म्हणतात ती अट, मोठ्या अक्षरात. निवेदकाऐवजी बाई स्वतः दोन वाक्यं बोलतील, कारण लोक निवेदकाचं ऐकत नाहीत पण गाणाऱ्याचं ऐकतात. त्यांना फोनवर सगळं सांगितलं, खिशातल्या रेकॉर्डरचंही. त्या म्हणाल्या, तेवढा धोका धरूनच गाते, फक्त नेटवर यायला नको. नव्या बंदिशी आधी आणि शेवटी एक मोकळी, हेही त्यांना आवडलं. ईमेलचं आजच करतायत.

आता एक अडचण राहिली. स्वरसाथीला त्यांची शिष्या फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून तो फोन स्टेजवर ठेवते. दारात सगळ्यांच्या फोनला स्टिकर आणि स्टेजवर फोन उघडा, हे श्रोत्यांना कसं दिसेल?

तिसरी घंटा

वाईट दिसेल. आणि मध्येच फोन वाजला तर माईकमधून हॉलभर ऐकू जाईल, ते वेगळंच. माझ्याकडं इलेक्ट्रॉनिक तानपुरा पडून आहे, राजारामपुरीत येऊन घेऊन जावा. बाईंची पट्टी तेवढी आधी विचारून सांगा, लावूनच ठेवतो.