'रडू नको, ती देवाकडे गेली': हे सांत्वन की तोंड बंद करणं?

मडगावची_सून
मी अहिल्यानगरच्या मराठी प्रोटेस्टंट घरातली, लग्न होऊन मडगावच्या कॅथलिक घरात आले. जूनमध्ये सासूबाई गेल्या. मे महिन्यात त्यांनीच पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलं होतं: सुके बांगडे, सोलं, कांद्याच्या माळा. ते आम्ही अजून खातोय. आणि मातीच्या दिवसापासून येणारा जाणारा एकच वाक्य ऐकवतो, 'रडू नको, ती देवाकडे गेली.' नवरा ते ऐकून खरंच गप्प झालाय. जेवतानाही बोलत नाही.
पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. पण मेलेल्या लाजराला आपण जिवंत उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो रडलाच ना (योहान ११:३५)? मग आम्हालाच का मनाई?

वचनवाचक
पौलानं थेस्सलनीकाकरांना स्पष्ट लिहिलंय (पहिलं पत्र, ४:१३): आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका. माझे वडील गेले तेव्हा आईनं आम्हाला हंबरडा फोडू दिला नाही, गीतं म्हणायला बसवलं. शेजारच्या हिंदू बायका बघत होत्या. आमचा विश्वास त्यांना त्या दिवशी कळला. महिनोन् महिने रडत बसायचं आणि ईस्टरला 'तो उठला आहे' म्हणायचं, हे जुळत नाही.

फोंडेकार
बघणाऱ्या बायकांपैकी एक माझी आई असू शकते म्हणून बोलतो. आमच्याकडेही 'रडू नका, आत्मा अडकतो' म्हणतात, तेव्हा हे वाक्य तुमचं एकट्याचं नाही. पण आम्हाला बारा दिवस हाताला काम असतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा काका मोठ्यानं म्हणाले, 'तुझ्या धाकट्याचं लग्न आम्ही लावू.' तेवढ्यात सगळे रडले. रडायला एक जागा मिळाली. तुमच्यात ती कुठे?

मडगावची_सून
सातव्या दिवसाची मिसा, म्हणजे चर्चमधली मृतासाठीची प्रार्थना, असते, मग महिन्याची, मग वर्षाची. माझ्या माहेरी मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाहीत. जे व्हायचं ते देवाच्या हाती. म्हणून पहिल्या मिसेला मी अवघडून बसले होते. महिन्याच्या मिसेत त्यांचं नाव वाचलं तेव्हा मात्र नवरा पहिल्यांदा हुंदका देऊन रडला. धर्मशास्त्र कुणाचं बरोबर ते मला नका विचारू.

वचनवाचक
विचारणारच. मक्काबींचं दुसरं पुस्तक आमच्या प्रोटेस्टंट बायबलात नाही, आणि मृतांसाठी प्रार्थनेचा आधार लोक तिथूनच काढतात. नवऱ्याला बरं वाटलं म्हणून ते खरं होत नाही.

नास्तिक_पण_गोंयकार
दोघांचंही तेच. माणूस संपलं हे म्हणवत नाही म्हणून सजावट चालू आहे. माझी आजी गेली, संपली. मला ती आठवते, तेवढं पुरे.

जुनो_शेजारी
सजावट? सिमितेरात, म्हणजे दफनभूमीत, जागा कमी, म्हणून काही वर्षांनी कबर उघडून हाडं काढतात आणि दुसऱ्याला जागा देतात. बापाची हाडं काढली तेव्हा मी तिथं उभा होतो. कवटी हातात घेतलेल्या माणसाला 'आत्मा वर गेला' एवढं पुरत नाही, बाबा. शरीर पुन्हा उठेल असं आमचा धर्म म्हणतो, म्हणून तर ते सांभाळून ठेवायचं. चर्चनं १९६३ पासून दहनाला परवानगी दिली, पण राख उधळू नका असं २०१६ साली पुन्हा बजावलं, तेही याचसाठी. मयताच्या मिसेत पाद्री म्हणतो, जीवन बदलतं, संपत नाही. त्या दिवशी मी ते मानलं आणि घरी येऊन दोन दिवस जेवलोही नाही. दोन्ही झालं.
वचनवाचकाला एकच विचारतो: आईनं गीतं म्हणायला लावली, ती स्वतः कधी रडली?

वचनवाचक
रात्री. स्वयंपाकघरात. आम्ही ऐकत होतो.
पण त्यानं वचन बदलत नाही. आणि ताई, २ नोव्हेंबरला, कॅथलिकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, सिमितेरात मेणबत्ती लावणार का, ते सांगा.

मडगावची_सून
लावणार. प्रार्थना काय करायची ते माझं मी बघेन.