सातवीचा वर्ग गप्प, आणि (−३) − ५ चं उत्तर ८

खडू_फळा:
सातवीचं गणित, पट ४२, तास ३५ मिनिटांचा. पूर्णांकांची वजाबाकी सहावीतच झालीय, तरी (−३) − ५ ला निम्म्या वह्यांत ८. फळ्याजवळ बोलावलं तर कोणी उठत नाही. पाचवीत हीच मुलं 'बाई मी, बाई मी' करायची. मुलं विसरली, की समजलंच नव्हतं? आणि बोलतं कसं करायचं?

चिंचोका:
विसरलेली नाहीत, नवं जुन्यावर चढलंय. सातवीत पूर्णांकांचा गुणाकार येतो, (−३) × (−५) = १५. त्यातून मुलं 'वजा-वजा अधिक' एवढंच उचलतात आणि दोन वजा दिसले की कुठेही लावतात. ते वाक्य वर्गातून हद्दपार करा. 'गुणाकारात चिन्हं सारखी असतील तर उत्तर धन' असं पूर्ण म्हणा, लांबलं तरी.

मग फोडलेले चिंचोके, प्रत्येक जोडीला वीस फाका. पांढरी बाजू +१, तपकिरी −१. एक पांढरी, एक तपकिरी मिळून शून्य, हे आधी हातानं पक्कं करा. आता (−३) − ५: तीन तपकिरी मांडल्या, काढायच्यात पाच पांढऱ्या. एकही नाही! इथे उत्तर पुरवू नका, अडू द्या. शून्याच्या पाच जोड्या टाकल्या, पांढऱ्या उचलल्या, आठ तपकिरी उरल्या: −८. (−३) − (−५) मध्ये दोनच जोड्या लागतात, उरतं +२. नेमकी चूक इथेच होते: मुलं जोड्या न टाकता नुसत्या दोन तपकिरी वाढवतात आणि उत्तर शून्य येतं. दोन-तीन तासांनंतर चिंचोके बंद, संख्यारेषा सुरू. नाहीतर (−३८) − ४५ ला मूल फाका शोधत बसतं.

मधली_सुट्टी:
बारा-तेराव्या वर्षी बाईंच्या रागापेक्षा मित्रांच्या हसण्याची धास्ती मोठी. 'हात वर करा' काही दिवस बंदच ठेवा. प्रश्न फळ्यावर, दोन मिनिटं एकट्यानं वहीत, एक मिनिट शेजाऱ्याशी, मग विचारा, 'तुमच्या जोडीत काय ठरलं?' चूक झाली तर जोडीची होते. कोणाला विचारल्यावर तीन-चार सेकंद थांबा. आपण बहुतेक एका सेकंदात पुढच्याकडे वळतो.

वह्यांतली एक चुकलेली मांडणी स्वतःच्या अक्षरात फळ्यावर लिहून 'कुठली ओळ घसरली?' असंही विचारता येतं. फक्त ती दुसऱ्या तुकडीतली घ्या, नाहीतर पोरं मालक लगेच ओळखतात. मुलगा-मुलगी अशा जोड्या सक्तीनं लावू नका, चिडवाचिडवीत तास जातो.

खडू_फळा:
हे ३५ मिनिटांत बसेल? त्यात माझा शेवटचा तास, निम्मी पेंगत असतात.

चिंचोका:
वाटप-आवरण ७, चिंचोके १५, वहीत चार उदाहरणं १०. उरलेली तीन मिनिटं गोंधळात जाणारच. उदाहरणं चारच, त्यातलं एक गुणाकाराचं, म्हणजे नियम कुठे लागतो ते निवडावं लागेल.

निळी_गोळी:
पेंगणं रोजचंच असेल तर झोप विचारा. तेरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास लागतात. रक्तक्षयाचीही शक्यता असते. सरकारी-अनुदानित शाळांत सहावीपासून आठवड्याला लोहाची निळी गोळी असते (लोह ६० मिग्रॅ, फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम). ती उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात मुलं खिशात लपवतात. खिचडीनंतर, समोर गिळायला लावून द्या, लगेच चहा नको. शौचाला काळं होतं हे आधीच सांगा, नाहीतर घरून बंद होते. ओठ-नखं पांढरट, जिना चढताना धाप, असं दिसलं तर गोळीवर विसंबू नका, आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पाठवा.